वर्गणी किती मागायची, कधी मागायची?

वाडीत मुलामुलींसाठी चालणारा खेळाचा सराव, अभ्यासिका, सुट्टीतली शिबिरं यांना घराघरातून पैसा कसा उभा करायचा, यावर रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतची पत्रं आली आहेत. सारख्या प्रश्नांची उत्तरं एकत्र दिली आहेत. हिशेबातले आकडे नमुन्याचे आहेत. त्या जागी तुमच्या गावचे घाला.

प्रश्न : आमच्या वाडीत ६४ घरं, त्यातली २४ बंद, माणसं मुंबईला. ३० मुलामुलींसाठी संध्याकाळी कबड्डीचा सराव आणि रात्री अभ्यासिका सुरू करायची आहे. घरटी किती वर्गणी ठरवावी? (गुहागर तालुका)

घरटी आकडा आधी ठरवू नका. आधी एका मुलाचा वर्षाचा खर्च काढा. पावसाचे दोन महिने सोडून १० महिने धरू. प्रशिक्षकाचं मानधन महिना ४,००० प्रमाणे ४०,०००. वीजबिल महिना ६०० प्रमाणे ६,०००. अभ्यासिकेची पुस्तकं १२,०००. दोन स्पर्धांचा प्रवास १०,०००. प्रथमोपचाराचं सामान २,०००. सरावानंतर केळं आणि भिजवलेले चणे, ३० मुलं, ८० दिवस, डोई १० रुपये, म्हणजे २४,०००. बेरीज ९४,०००. त्यावर दहा टक्के राखीव धरला की १,०३,४०० होतात. भागिले ३०, म्हणजे एका मुलामागे वर्षाला ३,४५० च्या आसपास.

आता बहुतेक मंडळं इथे काय करतात, तर १,०३,४०० ला ६४ ने भागतात आणि १,६१५ रुपये घेऊन दारोदार फिरतात. ज्याला एवढे झेपत नाहीत तो ‘नंतर या’ म्हणतो, पुढच्या खेपेला मागच्या दाराने बाहेर पडतो, आणि २०० रुपये खुशीने देणारं घर कायमचं तुटतं. शिवाय बंद घरांचे पैसे आपोआप येणार असं गृहीत धरलेलं असतं. ते येत नाहीत.

त्याऐवजी घरांचे तीन गट करा. ज्यांची मुलं येतात ती १८ घरं : दर मुलामागे महिना १०० रुपये, ३० पैकी २४ मुलांचे येतील असं धरा, २४,०००. मुलं नसलेली पण उघडी २२ घरं : वर्षाला ५००, १८ घरांचे धरा, ९,०००. मुंबईकर २४ घरं : वर्षाला १,५००, १६ घरांचे धरा, २४,०००. एकूण ५७,०००. उरले ४६,४००. त्यासाठी ‘एका मुलाचा वर्षाचा खर्च’ उचलणारी आठ माणसं शोधा, २७,६०० आले. बाकी १८,८०० साठी ग्रामपंचायत आणि विक्री. त्याबद्दल पुढे आहे.

मुलाचा खर्च उचलणाऱ्याला ‘हा तुमचा मुलगा’ असं दाखवू नका. तो पोरगा मग वाडीभर ‘अमक्याच्या पैशावर खेळणारा’ ठरतो आणि चार महिन्यांत यायचा बंद होतो. खर्च एका मुलाचा, नाव कुणाचंच नाही.

मॅटचा विषय निघेलच. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे मीटर-चौरसाच्या १३० लाद्या; महिलांचं १२ बाय ८, म्हणजे ९६. ही खरेदी वार्षिक वर्गणीतून करायची नाही. आणि मॅट ठेवायला कोरडी, बंद जागा नसेल तर करायचीच नाही; खाऱ्या दमट हवेत आणि उघड्या पडवीत ती टिकत नाही. पहिली दोन वर्षं मातीवर काढा. पाऊस संपल्यावर जांभ्याचे खडे वेचून, वर चाळलेली माती पसरून, पाणी मारून धुम्मसाने चोपली की सरावाला मैदान झालं. हे काम श्रमदानाचं आहे. ज्या घरातून पैसे निघत नाहीत त्या घरातला माणूस इथे हमखास येतो, आणि त्याचीही नोंद वहीत व्हायला हवी.

प्रश्न : आमच्याकडे निम्मी घरं मासेमारीची, निम्मी आंबा-काजूची. दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू होताना वर्गणी काढतो, पण निम्मीही जमत नाही. (देवगड तालुका)

महिना चुकला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्र बंद. त्याच दोन महिन्यांत जाळी दुरुस्त करायची, होडीला रंग-डागडुजी करायची, आणि मुलांची वह्या-पुस्तकंही तेव्हाच. त्या घरात जूनमध्ये पावतीपुस्तक घेऊन जाणं म्हणजे नकार मागायला जाणं. ऑगस्टच्या पहिल्या फेऱ्यांचा पैसा डिझेल, बर्फ आणि आधीच्या उधारीत जातो. कोळीवाड्यात ऑक्टोबरपासून जा, आणि वर्षाचे एकदम न मागता महिन्याचे मागा. खलाशी आणि मालक यांना एकच दर लावू नका, हे सांगायला नको.

आंब्याच्या घरी उलट. मार्च-एप्रिलला पेट्या जाताना दिसतात म्हणून लोक तेव्हाच मागायला जातात. पण वाशीच्या बाजारातून विक्रीचा हिशेब आणि पैसे, म्हणजे पट्टी, यायची असते, आणि ज्याने दलालाकडून उचल घेतली आहे त्याची पहिली पट्टी उचल फेडण्यातच जाते. मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस पडून बाग संपली की हिशेब त्याच्या हातात असतो. तेव्हा जा. काजूचं तसं नाही. बी विकली की त्याच दिवशी रोख मिळते, त्यामुळे एप्रिल चालतो. भाताच्या भरवशावरची घरं दिवाळीनंतर.

मुंबईकरांना गणपतीत गाठायचं असा सगळ्यांचा बेत असतो, म्हणून त्या आठवड्यात त्यांच्या दारात भजनी मंडळ, देऊळ, शाळा, क्रिकेट संघ असे सगळेच उभे. पहिल्या दिवशी जाऊच नका. माणूस रात्रभर प्रवास करून आलेला असतो, घरात आरास चाललेली असते. गौरी जेवून गेल्या की एका संध्याकाळी अर्ध्या तासाची सभा घ्या : पंधरा मिनिटं मुलांचा खेळ, पाच मिनिटं खर्चाचा कागद वाचून दाखवणं, बाकी वेळ प्रश्न. पैसे त्या दिवशी मागू नका. एक छोटा कागद भरून घ्या : नाव, किती देणार, कोणत्या महिन्यात. बहुतेक जण पगाराचा महिना लिहितात, बोनसवाले ऑक्टोबर लिहितात. मग त्या महिन्याच्या ५ तारखेला एकाच माणसाने प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवायचा. गावच्या व्हॉट्सॲप गटावर ‘खालील सदस्यांची वर्गणी बाकी आहे’ अशी यादी टाकली की त्या वर्षीचे पैसे कदाचित मिळतील, पुढच्या वर्षीचे नाहीत.

शिमग्यात पालखी घरोघर येते तेव्हा तिच्यामागून आपली पेटी फिरवायची नाही. तो पैसा देवस्थानचा आणि मानपानाचा. त्यात मुलांची वर्गणी मिसळली की दोन्ही हिशेब वादात जातात.

प्रश्न : पावतीपुस्तकं पाच जणांकडे असतात, वर्षाअखेर हिशेब जुळत नाही. शिवाय आता अर्धे लोक फोनवरून पैसे पाठवतात. (श्रीवर्धन तालुका)

हिशेब बहुधा तीन ठिकाणी फुटतो. एक, पुस्तकं कुणाला किती दिली याची नोंदच नसते. दोन, गोळा झालेल्या रोखीतून परस्पर खर्च होतो. तीन, फोनवरचे पैसे खजिनदाराच्या स्वतःच्या खात्यात जातात.

पुस्तकं दोन प्रतींची, क्रमांक छापलेली, ५० पावत्यांची घ्या. वाटपाची वही ठेवा : पुस्तक क्रमांक, पावती १ ते ५०, कुणाला दिलं, तारीख, सही, परत आल्याची तारीख. पुस्तक भरल्याशिवाय दुसरं द्यायचं नाही. चुकलेली पावती फाडून फेकायची नाही. दोन्ही प्रतींवर तिरकी रेघ मारून ‘रद्द’ लिहायचं आणि मूळ प्रत स्थळप्रतीला टाचायची. १७ नंतर थेट १९ क्रमांक दिसला की लोक १८ नंबरचे पैसे कुणी खाल्ले तेच विचारतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

रोख जमली की पूर्ण बँकेत. प्रशिक्षकाचं मानधन असो की केळी, खर्च खात्यातूनच. ‘जमा झाले ३,०००, त्यातले ८०० तिथेच चण्याला दिले, भरले २,२००’ हा व्यवहार प्रामाणिक असूनही वर्षाअखेर कुणालाच सिद्ध करता येत नाही. किरकोळीसाठी १,००० रुपये वेगळे काढून ठेवा, बिलं दाखवली की तेवढेच पुन्हा भरा.

क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचाच हवा, आणि खात्यावर तिघांपैकी दोघांच्या सह्या. पैसे येताना नाव भलतंच दिसतं. वर्गणी सासऱ्यांची, फोन सुनेचा, बँकेत तिचं माहेरचं नाव. म्हणून पैसे पाठवणाऱ्याला घराचं नाव संदेशात लिहायला सांगा, आणि पावतीवर व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार अंक टिपा. दर रविवारी बँकेचं विवरण आणि पावत्या समोरासमोर ठेवून खुणा करायच्या. आठवड्याचं काम वीस मिनिटांचं असतं. वर्षाचं एकदम करायला बसलात तर जमत नाही.

तांदूळ, नारळ, बल्ब, जुनी कपाटं अशी वस्तू आली तरी पावती फाडा. रकमेच्या जागी वस्तू आणि नग लिहा. बाजारभावाची किंमत वेगळ्या रकान्यात, रोखीच्या बेरजेत नाही.

प्रश्न : मंडळाची नोंदणी नाही. वर्गणी गोळा करणं बेकायदा आहे का? आखातात असलेल्या गाववाल्यांकडून पैसे घेता येतात का? (रत्नागिरी तालुका)

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क प्रमाणे नोंदणी नसलेल्या मंडळाला सार्वजनिक कामासाठी वर्गणी काढायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं घेतात तीच ही परवानगी. ती तात्पुरती असते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. एखाद्या शिबिरापुरतं हे ठीक. वर्षानुवर्षं चालवायचं असेल तर नोंदणीच करा : १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, सोबत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंद होते. मग दर ३१ मार्चला हिशेब बंद करून सहा महिन्यांत लेखापरीक्षण आलं. गावात आधीच नोंदलेलं ग्रामस्थ मंडळ किंवा वाचनालय असेल आणि त्याच्या घटनेत हे काम बसत असेल, तर त्याचीच उपसमिती व्हा. नवी संस्था काढण्याची हौस आपल्याकडे दांडगी. ती पुढे चालवणारा लेखनिक मात्र सापडत नाही.

आखातातले बहुतेक गाववाले भारतीय पासपोर्टवर नोकरी करतात. त्यांनी स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पाठवलेला पैसा २०१० च्या परकीय देणगी कायद्याखाली परकीय देणगी ठरत नाही. पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत फाइलला ठेवा. सुट्टीवर येणाऱ्याच्या हाती रोख पाठवणं टाळा. ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं आहे त्याचा पैसा मात्र, मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, परकीय देणगीच. त्या कायद्याची नोंदणी नसेल तर नम्रपणे नको म्हणा.

मुंबईकर ८० जी, म्हणजे देणगीवर मिळणाऱ्या आयकर सवलतीबद्दल विचारतातच. संस्थेला ती मान्यता असेल तरच, रोखीने २,००० पर्यंतच, आणि देणगीदाराने जुनी करपद्धत निवडली असेल तरच उपयोग. नुसत्या छापील पावतीवर भागत नाही. संस्थेने देणगीदारांचं विवरण आयकर खात्याकडे भरून तिथून निघणारं प्रमाणपत्र द्यावं लागतं. मान्यता नसताना पावतीवर ‘करसवलतपात्र’ छापू नका.

प्रश्न : १०० रुपयांची कुपनं विकून सोडत काढावी, पहिलं बक्षीस मोटरसायकल, असा विचार आहे. (मंडणगड तालुका)

काढू नका. तिकीट विकून चिठ्ठीवर बक्षीस देणं म्हणजे लॉटरी, आणि १९९८ च्या कायद्याप्रमाणे ती चालवण्याचा अधिकार राज्य सरकारांनाच आहे. ‘सगळीकडे चालतं’ हे खरं. तक्रार झाली की गुन्हा तुमच्याच पदाधिकाऱ्यांच्या नावावर, हेही खरं. शिवाय कुपनं विकायला बाजारात मुलांनाच पाठवलं जातं.

प्रश्न : मग विक्रीतून पैसे उभे करायचे ते कसे? आमच्याकडे रोख कमी, पण घरात कुळीथ, आमसुलं, नारळ असतात. (लांजा तालुका)

गणपती आटोपून मुंबईकर परत निघतात तेव्हा प्रत्येकाला गावचं काहीतरी न्यायचं असतं, आणि घरच्या बाईवर आधीच सगळा भार असतो. तिथे तयार पिशवी विका : अर्धा किलो कुळथाचं पीठ, पाव किलो आमसुलं, तीन नारळ. ज्यांना वर्गणी झेपत नाही ती घरं हा माल देतात, आणि त्यांची पावती वस्तूची फाडायची.

पिशव्या वर सांगितलेल्या गणपतीतल्या सभेच्या दिवशी भरलेल्या कागदांवरून आगाऊ नोंदवून घ्या. नोंद ४० ची असेल तर ४५ करा, ७० नाही. उरलेलं पीठ पुढे कुणी घेत नाही.

बिघडतं ते पीठ. भाद्रपदातली हवा ओली. कुळीथ भाजून गरम असतानाच दळले आणि पिशवीत भरले की आतून वाफ धरते, आठवड्यात जाळी येते, आणि मुंबईहून फोन येतो. भाजून पाटीवर पसरा, हाताला पूर्ण गार लागले की दळा, दळल्यावर पीठही पुन्हा पसरून गार करा, त्याच दिवशी पिशवी बंद करा. आमसुलांना मीठ असल्याने ती पाणी सोडतात. त्यांना दुहेरी पिशवी, आणि पिठापासून वेगळी. नारळ पिशवीच्या तळाला. विकायचं खाद्य असल्याने दळण आणि बांधणी अन्न सुरक्षा नोंदणी असलेल्या बचत गटाकडून करून घ्या, त्यांना मजुरी द्या, आणि वेष्टनावर त्यांचं नाव, वजन, तारीख घाला. मजुरी न देता ‘गावचं काम’ म्हणून राबवलं तर दुसऱ्या वर्षी गट येत नाही.

प्रश्न : वर्गणी न देणाऱ्यांच्या मुलांना घ्यावं का? काही पालकांचं म्हणणं, मग आम्ही तरी का द्यावी? (संगमेश्वर तालुका)

घ्यावं. मुलाला मैदानाबाहेर बसवून बापाकडून पैसे वसूल होत नाहीत. १०० रुपये हा मुलाचा प्रवेश नव्हे, घराचा वाटा. हे पहिल्याच सभेत बोलून ठेवा. आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची, होडीवरच्या परगावच्या खलाशांची, धनगरवाड्यावरची मुलं यांच्याकडून काहीच मागू नका. त्यांच्यासाठीच तर पहिल्या उत्तरातल्या अंदाजपत्रकात ३० पैकी २४ जणांचेच पैसे धरले आहेत.

‘आम्ही का द्यावी’ म्हणणाऱ्याला राग वर्गणीचा नसतो, हिशेब दिसत नाही याचा असतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळाजवळच्या फळ्यावर सात ओळी लिहा : मागची शिल्लक, जमा, मानधन, वीज, खाणं, इतर, आजची शिल्लक. देणाऱ्यांची नावं लिहायची की नाही यावर खूप वाद होतात. आमचं मत, लिहू नका, पावती क्रमांक लिहा. ज्याने दिले त्याला आपला नंबर सापडतो. ज्याने २०० दिले त्याचं नाव ५,००० वाल्याखाली येत नाही.

मुलींचे पालक पैसे द्यायला का कू करत असतील तर रक्कम कमी करून उपयोग नाही. मैदानापासून वाडीपर्यंतच्या पायवाटेवर दोन दिवे लावा, सरावाला एक बाई मानधनावर ठेवा, सुटण्याची वेळ पाळा. हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत घाला.

प्रश्न : ग्रामपंचायतीकडून काही मिळतं का? (मालवण तालुका)

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. लहान गावात ती रक्कम थोडी असते, पण अभ्यासिकेची पुस्तकं किंवा दिवे त्यात बसू शकतात. अर्ज अंदाजपत्रक ठरण्याआधी, हिवाळ्यातच द्या, पोच घ्या आणि ग्रामसभेत विषय वाचून घ्या. रोख मागू नका, वस्तू मागा : ‘बाराशे लुमेनचे सहा दिवे’ असं. रोखीच्या अर्जाला ‘पाहू’ असं उत्तर येतं.

प्रश्न : एक पुढारी सगळा खर्च द्यायला तयार आहेत, अट एवढीच की मुलांच्या जर्सीवर त्यांचा फोटो. (कुडाळ तालुका)

एका वर्षाच्या जर्सीचे पैसे मिळतील. पण दुसऱ्या पक्षाची घरं वर्गणी थांबवतील, आणि निवडणुकीनंतर तेही थांबतील. त्यांच्याकडून इतरांइतकीच वर्गणी घ्या, तशीच पावती द्या. जास्तच द्यायचं असेल तर वर सांगितलेला एका मुलाचा वर्षाचा खर्च आहेच.